डायलिसिस विभागाचा तोटा

बाई, तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी जगात एक आजार आला होता. तुम्हाला हे असं मुद्दाम सांगायला लागतंय हे मला विचित्र वाटतं, कारण त्या काळात भेटलेल्या कुणालाही दुसरा विषयच माहीत नव्हता. चारकोपच्या सेक्टरांच्या तोंडाशी बांबू बांधून रस्ते बंद केले होते. माणसं तोंडाला मास्क लावून वाण्याच्या दुकानासमोर खडूने आखलेल्या गोलांत उभी राहायची आणि गोलाबाहेर पाय पडला तर मागचा ओरडायचा. तुम्ही माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेलात. माझी मुलगी आता अकरावीत आहे, तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी जमा-नावे शिकत होते त्याच वयाची. तिनेही कॉमर्स घेतलंय. तिला कुणी बाई नाहीत, मोबाईलवरचा एक सर आहे, आणि तो फार भराभर बोलतो.

तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून हाताने चाचपडता येईल इतकं आठवतं. कॉलेजात तुम्ही सगळ्या वर्गाला शिकवायचात, पण मला खरं शिकवलंत ते तिथे, ओट्याला पाठ लावून. तुम्ही खवणीवर नारळ खवताय आणि मी गणित वाचून दाखवतेय. तुम्ही न बघताच म्हणताय, "थांब. घसारा कुठे गेला?" मी पुन्हा वाचते. कुकरची शिट्टी होते, तुम्ही उठून गॅस बारीक करता आणि तेवढ्यात मला चूक सापडते. बाबांची गिरणी बंद पडून ते इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन लागले होते, क्लास लावायची ऐपत नव्हती, आणि हे तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. नुसतं एकदा म्हणालात, "मी एकटीसाठी कुकर लावते तेव्हा कंटाळा येतो. तू येऊन बसत जा." मग जाताना डब्यात बांगड्याचं तिखलं द्यायचात, आणि आईला सांग म्हणायचात की जास्त झालं होतं. रोज कसं जास्त होतं, असं आई हसून म्हणायची.

आनंदमेळ्याचा दिवस आठवतो? आमच्या वर्गाने मिसळीचा स्टॉल लावला होता आणि हिशेब माझ्याकडे होता. उसळ ढीगभर उरली, उन्हाने आंबली, शेवटी मागच्या नळाजवळ ओतून टाकली. मला इतकी लाज वाटली की मी माझ्या बसच्या पासाचे पैसे गल्ल्यात घातले आणि तुमच्याकडे येऊन सांगितलं, बाई, बरोबर सुटलो, ना नफा ना तोटा. तुम्ही चहा गाळत होतात. म्हणालात, "उसळ फेकली ना?" मी हो म्हटलं. "मग बरोबर कशी सुटली गं?" तुम्ही गाळणं खाली ठेवलंत आणि इतकं चिडलात की मी तुम्हाला तसं चिडलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही. "तोटा झाला तर तोटा लिहायचा. तोटा लिहिल्यानं कोणी मरत नाही. कळलं?" मी रडत रडत पासाच्या पैशांचं सांगून टाकलं. तुम्ही चहाचा कप पुढे केलात आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या दारातच पासाचे पैसे माझ्या मुठीत कोंबलेत.

आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मी रबरी स्लिपर घालून जाणार होते, तेव्हा मला कुर्ल्याच्या बाजारात घेऊन गेलात. दुकानदार चमचमत्या सँडल पुढे करत होता. तुम्ही म्हणालात, "हिचा इंटरव्ह्यू आहे, लग्न नाही. टिकतील अशा काढ." त्या काळ्या चपला मी झिजेपर्यंत घातल्या, त्याच घालून लेखाधिकारी झाले, आणि पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही दारात उभं राहून आधी माझ्या पायांकडे बघितलंत.

तर तो आजार आला त्या काळात मी सरकारी आरोग्य खात्याच्या लेखा शाखेत होते. एक दिवस आमचे साहेब म्हणाले, घाटकोपरच्या बाजूला एक रुग्णालय आहे, त्याची आर्थिक प्रकृती तपासायची आहे, तू जाशील का? 'आर्थिक प्रकृती' हे शब्द आदेशातच होते. तुम्ही असता तर त्या शब्दांखाली लाल रेघ मारली असती. अर्धं ऑफिस घरून काम करत होतं, घरी सासूबाई होत्या, नवरा म्हणाला, "नाही सांग ना यार, तुझाच नंबर का लागतो दरवेळी?" पण मी गेले. अत्यावश्यक सेवेची बस बोरिवलीहून निघायची. खिडकीतून रिकामा लिंक रोड बघताना आपण एखाद्या सुट्टीच्या दिवशी चुकून कामाला निघालोय असं वाटायचं.

रुग्णालयाच्या अधीक्षक एक डॉक्टर होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. नाकावर मास्कचा वळ पडून तिथली कातडी सोलली होती. मी माझं काम सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "आर्थिक प्रकृती बघायला आलात? बघा बघा. आमच्याकडे सगळ्यांची प्रकृती बघतात, आमची बघायला पहिल्यांदाच कुणी आलं." मग स्वतःच हसल्या आणि मला चहा मागवला. तो प्यायला मास्क काढायचा की नाही, हे दोघींनाही कळेना. चहा तसाच राहिला.

मी काय पाहिलं ते तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला लगेच समजेल. अशा रुग्णालयाला पैसा येतो तो सरकारी अनुदानातून, आणि थोडा स्वतःचा येतो, केसपेपर, तपासण्या, ठरवून केलेली ऑपरेशनं, विम्याच्या योजनेतून मिळणारी रक्कम, कॅन्टीनचं भाडं. आजाराने बाकीचे सगळे पेशंट घरी बसवले. ऑपरेशनं पुढे ढकलली, बाह्यरुग्ण विभाग बंद, कॅन्टीनला कुलूप. स्वतःची कमाई जवळजवळ आटली. खर्च मात्र उलटा फुगत चालला होता. ऑक्सिजन, अंगभर घालायचे ते प्लॅस्टिकचे पोशाख, हातमोजे, जास्तीचे सफाई कामगार. अनुदान येणार होतं, पण कधी ते कुणी सांगत नव्हतं. देणगीदार यायचे, पण त्यांना यंत्रं द्यायची असायची, यंत्राशेजारी उभं राहून फोटो काढता येतो म्हणून. लादी पुसणाऱ्या बाईच्या पगारासाठी देणगी द्यायला एकही माणूस आला नाही. व्हरांड्यात खोक्यांत बंद यंत्रं पडून होती आणि ती लावायला लागणाऱ्या साध्या जोडण्या विकत घ्यायला पैसे नव्हते. मी रोज जाऊन कागद बघत होते, माणसांना विचारत होते, आणि एवढंच कळत होतं की हे रुग्णालय उसन्यावर श्वास घेतंय. ऑक्सिजनवाल्याचा माणूस अधीक्षकांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून असायचा. उद्धट नव्हता बिचारा. "मॅडम, मला पण वरून टाकी मिळत नाही, पैसे भरल्याशिवाय. मी कुठून आणू?" एवढंच म्हणायचा.

सगळ्यात जास्त तोटा डायलिसिस विभागात होता. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचं रक्त यंत्रातून धुऊन परत अंगात सोडायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, जन्मभर. गरिबांना नाममात्र पैशांत मिळायचं ते. म्हणजे प्रत्येक वेळी रुग्णालय स्वतःच्या खिशातून घालायचं, आणि पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडून त्याची दुरुस्ती थकलेली होती. मी तो विभाग बघायला गेले. कागदावरून भागलं असतं, पण तुम्हीच सवय लावलीत, उसळ कुठे ओतली ते जाऊन बघायची.

तिथल्या इन्चार्ज सिस्टर मालाडच्या, मोठ्या आवाजाच्या. पलंगांवर माणसं हाताला नळ्या लावून पडली होती आणि कोपऱ्यातला एकजण सगळ्यांना हसवत होता. कुर्ल्यात राहणारा, मूळ मालवणचा, बाप गिरणीत, स्वतः टेम्पो चालवायचा. शेजारी त्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाला, "काय मॅडम, आमचो हिशोब करूक इलास?"

सिस्टर ओरडल्या, "गप रे तू. मॅडम ऑफिसच्या आहेत."

"म्हणान तर इचारतंय. माझो हिशोब सोपो आसा. रक्त बाहेर, रक्त आत. शिल्लक शून्य."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. बाबांच्या बोलण्यात असाच हेल होता, म्हणून दोन मिनिटं तिथेच रेंगाळले. त्याच्या बायकोने विचारलं, "मॅडम, ह्या बंद तर नाय ना होवचा? लोक काय काय बोलतत." मी म्हटलं, "नाही हो. असं कसं बंद करतील?" मी ते मनापासून म्हटलं. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

अहवालात मी तोटा लिहिला. आहे तसा, विभागवार, सगळ्यात वर डायलिसिस. आणि खाली एक परिच्छेद जोडला, की या रुग्णांना दुसरी सोय नाही, विभाग बंद केल्यास जिवाला धोका आहे, म्हणून इथली तूट विशेष निधीतून भरून काढावी. अधीक्षकांनी वाचून नुसती मान हलवली. म्हणाल्या, "लिहा. लिहायला काय जातं."

अहवालावर खात्याच्या समितीची बैठक संगणकावर झाली. चौकोनांत माणसं, कुणाच्या मागे पुस्तकं, कुणाच्या मागे पंखा. माझ्या परिच्छेदापाशी अध्यक्ष थांबले. "विशेष निधी म्हणजे कुठला?"

"सर, तो निर्माण करावा असं सुचवलंय."

"कुठून?"

मी म्हटलं, "सर, मी तिथे जाऊन बघितलंय. ते लोक दुसरीकडे जाऊ शकणार नाहीत."

"मॅडम, तुमची तळमळ कळते. पण आहे तेवढ्या पैशात काहीतरी बंद करावंच लागणार, मग काय बंद करू ते सांगा. ऑक्सिजन करू?" ते रागाने बोलत नव्हते. खरंच विचारत होते. मी माझ्यासमोरच्या आकड्यांकडे बघत राहिले. दुसरं काही बंद करण्यासारखं मला सापडलं नाही, बाई. मी त्याआधीच सगळं उलटसुलट करून पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात आदेश आला. डायलिसिस विभाग तात्पुरता बंद, तिथल्या परिचारिका कोविडच्या वॉर्डात, विभागाचा खर्च ऑक्सिजनच्या थकबाकीकडे वळवावा, रुग्णांची सोय इतर केंद्रांत करावी. आधार म्हणून माझ्या अहवालातलं 'सर्वाधिक तोटा डायलिसिस विभागात आहे' हे वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं. वाक्य बरोबर होतं. त्यात एका शब्दाची चूक नव्हती.

टेम्पोवाल्याला जे केंद्र मिळालं ते बोरिवलीला. कुर्ल्याहून बोरिवली, आणि तेव्हा लोकलमध्ये साध्या माणसाला शिरू देत नव्हते. रिक्षावाला पेशंट बघून थांबायचा नाही. तिथे पोचलं तरी आधी कोविड नसल्याचा रिपोर्ट मागायचे, आणि तो यायला दिवस लागायचे. मला हे सिस्टरांनी फोन करून सांगितलं. मी काय काय केलं तेही लिहिते, तुम्ही विचाराल म्हणून. साहेबांना पुनर्विचाराची टिपणी दिली. ती वर गेली आणि वरच राहिली. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन केले, तर त्या सगळ्या कोविडला लावलेल्या होत्या. घाटकोपरच्याच एका खासगी केंद्रात विचारलं, त्यांनी नवे पेशंट घेणं बंद केलं होतं. शेवटी सिस्टरांकडून नंबर घेऊन त्याच्या बायकोला फोन केला, म्हटलं, मी गाडीचे पैसे पाठवते. ती म्हणाली, "पैशांचा काय नाय मॅडम, गाडीच गावत नाय." मागून त्याचा आवाज आला, धाप लागलेला, "कोण गो?" ती म्हणाली, "त्या हिशोबवाल्या मॅडम." तो काहीतरी बोलला आणि तिला हसू आलं. काय बोलला ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

रविवारी मी ऑफिसच्या बसच्या ड्रायव्हरला फोन करून विचारलं, खासगी गाडी मिळेल का. त्याने मुलुंडच्या मेव्हण्याची गाडी ठरवून दिली, पासही काढला. मी सोमवारी सकाळी टेम्पोवाल्याच्या बायकोला कळवायला फोन लावला तर उचलला सिस्टरांनी. त्या तिच्या घरी गेल्या होत्या.

"मॅडम, तो काल गेला. पाणी भरलं छातीत. घरच्यांनी जवळच्या हॉस्पिटलात नेला तर त्यांनी बाहेरच ठेवला, कोविडचा असेल म्हणून." मग म्हणाल्या, "रिपोर्ट आज आला मॅडम. निगेटिव्ह."

मी फोन ठेवला आणि पहिली आठवण तुमच्या त्या वाक्याची झाली. तोटा लिहिल्यानं कोणी मरत नाही. बाई, मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, खालून सॅनिटायझरचा वास येत होता, आणि मला तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असतात तर मी तुमच्यावर ओरडले असते. मी तुमच्याशी कधी वर आवाज करून बोलले नव्हते. तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा? एका पातेल्यातली आंबलेली उसळ, एवढाच तर तोटा तुम्ही बघितला होता. पोरीला खरं लिहायला शिकवलंत. खरं लिहिलेलं कागदावरून उठून कुठे जातं, कुणाच्या हातात पडतं, त्यातलं कुठलं वाक्य ते उचलतात आणि कुठलं गाळतात, ते का नाही शिकवलंत?

मी अधीक्षकांकडे गेले. मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं, काय ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या वॉर्डातून येऊन पोशाख काढत होत्या, केस घामाने चिकटलेले. सगळं ऐकलं आणि मला म्हणाल्या, "या." काचेतून मला खालचा वॉर्ड दाखवला. पलंगाला पलंग लागलेला. "त्या पैशातून टाकी भरली गेली. ह्यातले किती जगतील मला माहीत नाही. पण टाकी आली नसती तर कुणीच जगलं नसतं. तुम्ही खोटं लिहिलं असतंत तर मी आज ह्यांना काय लावलं असतं?" मग थकून म्हणाल्या, "मला पण तो आवडायचा हो. मला म्हणायचा, डॉक्टरीण बाय, जेवलास काय?" आणि त्या तोंड फिरवून हात धुवायला लागल्या. कितीतरी वेळ धूत होत्या.

काचेपलीकडचे लोकही खरेच होते, बाई. त्यातल्या एका म्हातारीने मला बघून हात हलवला, कुणी नातेवाईक आलंय असं समजून. मीही हलवला. मला ही गोष्ट कुणाला सांगताच येत नाही, कारण ऐकणारा लगेच विचारतो, मग चूक कुणाची? अध्यक्षांची? ऑक्सिजनवाल्याची? रिक्षावाल्याची? मी एकेकाला धरून बघते आणि एकेकाला सोडून देते. शेवटी कुणीच हातात राहत नाही आणि तो माणूस तर गेलेलाच असतो.

पुढे आजार ओसरला. अनुदान आलं, उशिरा का होईना. तो विभाग पुन्हा सुरू झाला, नवी यंत्रं आली, रंग लागला. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. सिस्टर दिसल्या, त्यांनी माझा हात धरून सगळीकडे फिरवलं, आणि कोपऱ्यातल्या पलंगापाशी आल्यावर दोघी तिथून नुसत्या पुढे गेलो. त्याची बायको आता कुर्ल्यातच पोळ्याभाजीचे डबे देते असं कळलं. एकदा मुद्दाम तिच्या घरी गेले. तिने ओळखलं, बसायला खुर्ची दिली, सरबत केलं. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "मॅडम, तुमी त्या वेळी फोन तरी केलास. बाकी कोणी नाय केल्यान." तिला माहीतच नाही, आदेशातलं ते वाक्य कुणाचं होतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला वाटलं, हे सांगून मी माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवीन आणि हलकी होऊन घरी जाईन. सरबत पिऊन उठले.

आता मला अशाच कामासाठी ठिकठिकाणी पाठवतात. अजूनही मी तोटा असेल तर तोटाच लिहिते. दुसरं येत नाही मला. माझी मुलगी आत्ता डोकावून गेली, "आई, कुणाला एवढं लिहितेस?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे. तुमच्याबद्दल तिला सांगेन कधीतरी, तिखल्याचं आणि चपलांचं सांगेन. हा कागद मात्र तिला दाखवणार नाही. कुणालाच नाही. कारण यात एक गोष्ट मी आत्तापर्यंत चुकवत आले.

त्या समितीच्या बैठकीत, माझा परिच्छेद गाळायचं ठरल्यावर, शेवटी अध्यक्ष म्हणाले होते की इतका स्वच्छ अहवाल त्यांनी पुष्कळ वर्षांत वाचला नाही. बाकीच्या चौकोनांतल्या माणसांनीही माना डोलावल्या. मी संगणक बंद केला आणि मला वाटलं, आत्ता बाई हव्या होत्या. घरी आले, सगळ्यांना गोडाचा शिरा केला. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, असंच.

त्या दिवशी मी खूश होते, बाई.